एका टायमाला एकच

नारायणगावला खोली घेतली त्या पहिल्या दिवशी मालकांनी मला फक्त कॉट वर नेऊ दिली. फक्त कॉट! खाली टेम्पो उभा, त्यात कपाट, कूलर, गॅस, आईनं दिलेली भांड्यांची पेटी. टेम्पोवाला भाऊ वैतागलेला. आणि मालक जिन्यात दोन्ही हात कठड्याला लावून असे उभे, जसं काही मी रणगाडाच वर नेणार होते.

"आज कॉट. उद्या कपाट. परवा कूलर."

"अहो पण का?"

"स्लॅब जुना हाय. आवाज आला तर कशाचा आला ते कळाय नको?"

मला वाटलं चेष्टा करतायत. टेम्पोवाल्यालाही वाटलं, तो हसला पण. मालक हसले नाहीत. मग माझं सगळं सामान खाली पोर्चमध्ये उतरलं आणि रोज एकेक वस्तू वर गेली, आणि प्रत्येक वस्तू गेली की मालक खालच्या खोलीत छताला कान लावल्यासारखे मान वर करून उभे राहायचे. गॅस वर जाईपर्यंत मी काकूंकडंच जेवत होते. काकू म्हणजे त्यांच्या मिसेस. काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पोरी, घाबरू नको. येडे न्हाईत ते. वायरमन व्हते."

हे इतकं मोठं कारण असल्यासारखं म्हणाल्या ना, की मी आपली मान डोलावली.

तर हे आमचे मालक. विजेच्या लाइनवर सगळी नोकरी काढलेली, जास्त करून डिंगोऱ्याच्या बाजूला, आणि आता रिटायर. पण पायातले ते काळे जाडजूड बूट काही रिटायर झाले नव्हते. सकाळी दात घासायला अंगणात आले तरी लुंगी आणि खाली बूट. आणि त्यांचं सगळ्या जगाबद्दल एकच म्हणणं होतं, एका टायमाला एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की संपलं.

जेवायला बसले की आधी सगळी भाजी. नुसती. मग भाकरी, ती पण नुसती. मग आमटी वाटीनं प्यायची. शेवटी भात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझा घास हातातच राहिला.

"मालक, भाकरी भाजीबरोबर खातात."

"खात्यात ना लोकं. मग पोट बिघडलं की डॉक्टर विचारतो काय खाल्लं, तर म्हणत्यात सगळंच खाल्लं. मग डॉक्टर काय करंल? त्यो पण सगळंच औषध देतो."

आता मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होते, रोज लोकांचं रक्त काढायचे, त्यामुळं मला माहीत होतं, हे थोडंसं खरं आहे. थोडंसंच!

लग्नात गेले तर बघायलाच नको. पंगतीत वाढपी जिलेबी घेऊन आला की मालक हात आडवा धरायचे, "थांब, अजून वांगं चालू हाय." नवा शर्ट घातला की त्या दिवशी नवीन पायजमा नाही. साबण बदलला तर त्या महिन्यात तेल तेच. टीव्हीच्या रिमोटचे सेल गेले तर ते एकच सेल बदलायचे, दाबून बघायचे, मग दुसरा. विहारात पौर्णिमेला कार्यक्रम असला आणि कुणी भाषणात एक विषय सोडून दुसऱ्यावर गेलं की हे मागून मोठ्यानं, "पयला संपवा की भाऊ!"

हे कुठून आलं ते त्यांनी मला एकदा सांगितलं. नोकरीत नवीन असताना एका गावाची लाइट सारखी जायची यायची. हे पोलवर चढले, घाईघाईत तारेचा एक जोड पण बदलला आणि त्याच्याशेजारचा फ्यूज पण. लाइट आली. गावानं चहा पाजला. आणि पुढं पाऊस झाला की लाइट परत गायब! आता आधी कशामुळं आली होती तेच माहीत नाही, मग शोधायचं काय? चिखलात सगळी लाइन पायी फिरले, प्रत्येक पोलवर चढले.

"फॉल्ट ना, दोन गोष्टी एकदम हलवल्या की मरत न्हाई," मालक म्हणाले. "दडून बसतो. आन हासत आसतो."

आणि फॉल्ट सापडला की ओरडायचं. हा पण नियम. पोलवरून खाली असलेल्या माणसाला ऐकू जाईल असं, काय सापडलं आणि कुठं सापडलं ते स्पष्ट. का, तर खालच्यानं दुसरीकडं कुठं उगाच हात घालू नये.

आता काकूंचं सांगते, कारण काकूंशिवाय मालक कळणारच नाहीत.

काकू ब्लाऊज शिवायच्या. आणि काय शिवायच्या! पण नारायणगावात टेलर चिक्कार, म्हणून काकूंनी डोकं लावलं. ओतूर, डिंगोरे, त्या बाजूच्या वाड्यांमधल्या बायकांना मापं द्यायला इतक्या लांब येता येत नाही, मग आपणच जायचं. आधी शेअर जीपनं जायच्या, मांडीवर कापडाचं गाठोडं, शेजारी कुणाची तरी कोंबडी. मग एक दिवस त्यांनी मालकांना न सांगता ड्रायव्हिंगचा क्लास लावला. पन्नाशी ओलांडलेली बाई, नऊवारी नेसणाऱ्या सासूची सून, आणि थेट क्लच-ब्रेक! लायसन हातात आल्यावरच घरात सांगितलं. आणि स्वतःच्या शिलाईच्या पैशातून एक पांढरी छोटी गाडी घेतली, सेकंडहँड पण झकास. मागच्या सीटवर ब्लाऊजच्या पिशव्या, प्रत्येकीवर नाव. काकू गावात शिरल्या की बायका घोळक्यानं गाडीभोवती. मी सुट्टीला कधीकधी बरोबर जायचे, मला तर सेलिब्रिटीबरोबर आल्यासारखं वाटायचं.

आणि मग गाडीनं नखरे सुरू केले.

घरून निघताना बहुतेक वेळा चालू व्हायची. गावात काम संपलं, काकू परत गाडीत बसल्या, चावी फिरवली, की काही नाही. टक नाही, खर्र नाही. डॅशबोर्डवरची लाइट लागलेली, हॉर्न वाजतोय, पण इंजिन मुकं. दरवेळी नाही हां! तीनदा छान चालू होणार आणि चौथ्यांदा रुसणार. काकू घाम पुसत खाली उतरायच्या, कुणालातरी हाक मारायच्या, आणि जो कोण येईल तो माणूस आत बसला, चावी फिरवली, की गाडी पहिल्या झटक्यात चालू!

"काकू, चालू हाय की वो!"

हे वाक्य. हे वाक्य काकूंनी इतक्या वेळा ऐकलं की त्यांना त्याचा तिटकारा आला. दूधवाला बोलला, ग्रामसेवक बोलला, एकदा तर एका बाईचा जावई, जो सासरी पहिल्यांदाच आला होता, तो नवा कोट घालून गाडीत बसला, चालू केली आणि बोलला.

मेकॅनिककडं नेली तर तिथं एकदम शहाण्यासारखी वागली. तो म्हणाला, "काकू, क्लच दाबता ना पूर्ण? ह्या गाडीला क्लच पार खाली गेल्याशिवाय स्टार्टर फिरत नाय."

"दाबत्ये की! खालपर्यंत दाबत्ये. क्लासमधी पहिली आल्ये मी," काकू भडकल्या. तो दुसऱ्या गाडीकडं वळला.

मग मालकांनी गाडी हातात घेतली. म्हणजे त्यांच्या पद्धतीनं! आधी बॅटरीचं टर्मिनल घासलं, आणि आठवडाभर दुसरं काही करायचं नाही. गाडी डिंगोऱ्यात बंद. मग बॅटरी बदलून बघितली, शेजाऱ्याची आणून. परत थांबायचं. गाडी ओतूरला बंद. मग रिले. मग एक वायर. मग दुसरी. काकू रोज गावांना निघणार आणि मालक आठवड्याला एकच वस्तू बदलणार. "अवं एकदम सगळं बदला की!" काकू ओरडायच्या. मालक बोनेटमधून डोकं बाहेर न काढता म्हणायचे, "आन मग कळंल कसं?"

त्यांचा मुलगा, आम्ही त्याला दादा म्हणायचो, चाकणला कंपनीत होता. तो सुट्टीला आला तेव्हा काकू दोन तास ओतूरच्या रस्त्यावर अडकून आल्या होत्या. दादा मनानं चांगला, पण त्याला लगेच निकाल लागतो. "आई, विकून टाकू. तुला जमत नाहीये ते. रस्त्यात कुठं काही झालं म्हंजी?"

"मला जमत न्हाई?"

"मग बाकीच्यांच्या हातात कशी चालू होते?"

काकू उठल्या. मशीनवर जाऊन बसल्या आणि इतक्या जोरात पायडल मारलं की वर माझ्या खोलीत ऐकू येत होतं. दादानं घोडेगावचं एक गिऱ्हाईक बघितलं, पुढच्या रविवारी यायचं ठरलं. गाडी गेली म्हणजे काकूंची गावं गेली. परत जीप, परत ते गाठोडं. आणि खरं सांगू, जीपनं जाणं एक वेळ जमलं असतं, पण "तुला जमत नाही" हे घेऊन काकू कुठं गेल्या असत्या?

सगळ्यात मोठी गंमत, म्हणजे तेव्हा गंमत वाटली नाही, ती त्या आठवड्यात झाली. मालकांच्या सगळ्या वस्तू बदलून संपल्या. बॅटरी निर्दोष. रिले निर्दोष. वायरी, फ्यूज, स्टार्टर, सगळे निर्दोष. मालक संध्याकाळी पोर्चमध्ये बसले, चहा प्यायले, आणि आम्हा सगळ्यांसमोर, शेजारच्या बायका पण होत्या, एकदम शांतपणे म्हणाले,

"गाडीत फॉल्ट न्हाई. एकच गोष्ट बदलायची राहिली. ड्रायव्हर."

आई गं.

काकूंनी हातातली सुई टाचणीच्या उशीत खोचली. "म्हंजी मी."

"मी न्हाई म्हणत. पद्धत म्हणती."

"मग पद्धतीच्या हातचं जेवा."

पण उपाशी नाही ठेवलं हां त्यांनी. त्यापेक्षा भारी केलं. त्या रात्रीच्या जेवणात काकूंनी भाकरी कुस्करली, तिच्यावर वांग्याची भाजी ओतली, वर आमटी, वर भात, वर ठेचा, वर दही, हातानं सगळं कालवलं आणि ताट मालकांच्या पुढ्यात आदळलं. मालकांनी त्या ढिगाकडं असं बघितलं जसं वादळानंतर पडलेल्या पोलांकडं बघत असतील. मग मुकाट्यानं खाल्लं. सगळं! आणि उठताना पुटपुटले, "ठेचा कुठं लागला ते कळलं न्हाई."

"कळू पन नये," काकू म्हणाल्या. त्यानंतर रोज तसंच ताट.

रविवारी घोडेगावचे पावणे आले. भला माणूस, जाड मिश्या, पायात स्पोर्ट शूज, जीपनं आले होते, गाडी घेऊन परत जायच्या तयारीनं. दादानं चहा पाजला. काकू म्हणाल्या, गाडी शेडमधून मीच बाहेर काढणार, शेवटची. कुणी नाही म्हणालं नाही. मालक सवयीनं बोनेट वर करून आत डोकं घालून उभे.

काकूंनी चावी फिरवली. शांतता. परत फिरवली. शांतता.

"सरा काकू, मी बघतो," पावणे म्हणाले. काकू उतरल्या, ते बसले, आणि गाडी अशी चालू झाली जशी शोरूममधून आत्ताच आली.

"चालू हाय की वो काकू!"

मला वाटलं काकू आता रडतील. रडल्या नाहीत. पण त्यांनी पदर कमरेला खोचला, तो सोडला, आणि परत खोचला. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. आणि मला वाटतं मालकांनी पण नसावं, कारण त्यांनी बोनेट धाडकन खाली आपटलं.

आणि ते तसेच उभे राहिले, काचेतून आत बघत. आमच्या लक्षात आलं नव्हतं हो, पण इतके महिने घरी कधी गाडी रुसली की मालक बोनेट वर करायचे, आणि बोनेट वर केलं की आतला माणूस दिसतच नाही! काकू चावी फिरवताना काय करतात ते मालकांनी कधी बघितलंच नव्हतं.

"पावणं, जरा उतरा," मालक म्हणाले. मग ते स्वतः डावीकडच्या सीटवर जाऊन बसले. काकूंच्या शेजारी पहिल्यांदाच. "ये. बस. रोज जसं करतीस तसं कर. घाई नको."

"आता कशाला तमाशा?"

"ये गं."

ते 'गं' असं आलं ना, की काकू गेल्या. दार उघडलं. आत बसायच्या आधी पायातल्या चपला काढल्या, उचलल्या, आत क्लचच्या डाव्या अंगाला टाकल्या, मग बसल्या.

"थांब," मालक म्हणाले. "चपला काढल्यास?"

"मग? घरात काय चपला घालून जात्यात व्हय?"

"हे घर हाय?"

"माझं हाय," काकू म्हणाल्या.

झालं होतं असं की गाडी घेतली तेव्हा काकू चपला बाहेरच काढून आत बसायच्या, अगदी उंबऱ्यावर काढाव्यात तशा. ओतूरला एकदा गाडी सुटली आणि चपला तिथंच बाजारात राहिल्या, काकू अनवाणी घरी. तेव्हापासून आत घेऊन ठेवायच्या. घरून निघताना निवांत असायच्या, नीट कडेला सरकवायच्या. गावात बायका भोवती, पिशव्या हातात, घाईत कशाही टाकल्या जायच्या. मला तर ते इतकं साधं वाटायचं की मी ते बघूनही कधी बघितलं नव्हतं. आणि गाडी बंद पडली की काकू उतरताना आधी चपला पायात घालणार! मग आत येणाऱ्या माणसाला सगळं मोकळं. तो बूट घालून बसणार, क्लच पार खाली जाणार, गाडी चालू.

मालक वाकले, काकूंची साडी जराशी बाजूला केली. टाच असलेली, बाहेर जायची जाड चप्पल सरकून क्लचच्या बरोबर खाली.

"दाब."

काकूंनी दाबला. त्यांच्या पायाला तर तो तळाशीच गेल्यासारखा लागत होता. चावी फिरवली. शांतता.

मालकांनी एकच चप्पल काढली, क्लचखालची. दुसरी तशीच ठेवली, पद्धत म्हणजे पद्धत! "आता फिरव."

गाडी चालू.

शेजारच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, मी तर नाचलेच. पण मालक म्हणाले बंद कर. चप्पल परत खाली सारली. बंद. काढली. चालू. परत सारली. बंद. पावणे म्हणाले, "मालक, पटलं हो!" मालक म्हणाले, "तुमाला पटलं. मला पटू द्या की." असं कितीतरी वेळ चाललं. शेवटी काकूंनीच चावी बंद करून हातात घेतली आणि म्हणाल्या,

"मग फॉल्ट कुणात व्हता?"

दादा जमिनीकडं बघायला लागला. मालक गाडीतून उतरले. गल्लीच्या मधोमध जाऊन उभे राहिले, तोंडाला हाताचा भोंगा केला आणि पोलवरून ओरडावं तसे ओरडले,

"फॉल्ट सापडला! क्लचखाली! चपलंत! बाईत न्हाई! ऐका, बाईत न्हाई!"

समोरच्या घरातून एक आजोबा गच्चीवर आले आणि विचारायला लागले, लाइट जाणार आहे का.

दादा काकूंना म्हणाला, "आई, चुकलं माझं," आणि मग पावण्यांना सॉरी म्हणायला लागला. पावणे बिचारे मिशीतल्या मिशीत हसत होते. "अवो राहू द्या. पण मी आता जाऊ कसा? स्टँडपर्यंत तरी सोडा कुणी."

"कुणी म्हंजी?" काकू म्हणाल्या. "बसा पुढं."

आता प्रश्न आला चपलांचा. दादा म्हणाला, घालूनच चालव ना आई. काकूंनी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं पुढं बोलायचं सोडूनच दिलं. पुढं खाली पावण्यांचे पाय. मागच्या सीटवर मी आणि अजून न उतरवलेल्या सगळ्या पिशव्या, लोकांचे नवे ब्लाऊज, त्यांच्याजवळ चपला ठेवणं तर शक्यच नाही. मग मालक मागं जाऊन बसले, पिशव्यांच्या आणि माझ्या मधे, अंग चोरून, आणि हात पुढं केला. काकूंनी आरशातून एकदा बघितलं आणि चपला मागं दिल्या. मालकांनी त्या मांडीवर घेतल्या.

काकूंनी अनवाणी पायानं क्लच पार खाली दाबला.

नारायणगावात त्या वेळेला टोमॅटोच्या गाड्यांची ही गर्दी! काकू हॉर्न देत, मधून वाट काढत, आणि मागं मालक ताठ बसलेले, मांडीवर बायकोच्या चपला. मार्केटच्या तोंडाशी गाडी जरा थांबली तर त्यांच्या ओळखीच्या एका आडत्यानं खिडकीत डोकं घातलं.

"काय मालक, आज गाडीतून? कुनीकडं निघालात?"

मालकांनी रामराम करायला हात वर केला, तर हातात चपला तशाच.

"काय म्हाईत राव," ते म्हणाले. "बायको नेईल तिकडं."